नाड्याच्या मागावरून मद्रासला

मद्रासला लोक देवळं पाहायला जातात, समुद्र पाहायला जातात, रेशमी साड्या घ्यायला जातात. मी डुकरं पाहायला गेले. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे गोपुरांची वर्णनं वाचायला मिळतील या आशेने कुणी बसलं असेल तर त्याचा वेळ जाणार नाही.

मी सोलापूरला वस्त्रविद्या शिकवते. आमच्या कॉलेजात पायजम्याचे नाडे आणि कंदिलाच्या वाती विणायचा एक अरुंद माग आहे. त्याच्यावर पॉलिएस्टरची बिनशिवणीची, पातळ नळी विणता येते, हे मी एका परिषदेत बोलून बसले. ऐकणाऱ्यांत मद्रासचे एक सर्जन होते, डॉक्टर श्रीनिवास राव. ते जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि ताट भरेपर्यंत मला त्यांनी कामाला लावलं होतं.

काम असं. आपल्या पोटातून अंगठ्याएवढी जाड महाधमनी खाली उतरते. काही माणसांत उतारवयात तिची भिंत एके ठिकाणी सैल पडते आणि सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगा येतो. तो फुटला की माणूस बहुधा इस्पितळापर्यंत पोचत नाही. पोट उघडून तिथे कापडी नळी शिवणं हा नेहमीचा उपाय. पण ज्याचं हृदय ती शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्याच्यासाठी परदेशात नुकतीच एक नवी युक्ती सुरू झाली होती. जांघेतल्या धमनीतून घडी घातलेली नळी वर सरकवायची आणि फुग्याच्या आत उघडायची. टोकांना तारेच्या स्प्रिंगा असतात, त्या भिंतीला धरून बसतात. रक्त नळीतून वाहतं, फुगा बिचारा बाहेर रिकामा पडून राहतो. श्रीनिवासांना ही नळी इथेच बनवायची होती, आणि माणसाआधी डुकरात घालून पाहायची होती. मी वर्षभर नळ्या विणून पाठवत होते. आता त्यांचं काय झालं ते पाहायला या, असं बोलावणं आलं. सोबत एक छापील निमंत्रणही होतं, त्याबद्दल पुढे.

मांबळम

माझी उतरण्याची सोय श्रीनिवासांच्या मामांकडे, पश्चिम मांबळममध्ये होती. हे तंजावरचे मराठी. घरात शिरताच मामांनी, म्हणजे गोविंदरावांनी, विचारलं, "येणें सुखरूप झालें ना? पाय धुवा. कॉफी तयार अहे." माझी मराठी ऐकून त्यांना ती घाईची वाटली, त्यांची ऐकून मला कुणीतरी जुना कागद मोठ्याने वाचतंय असं वाटलं. दोन वाक्यांत तमिळ सूर, तिसऱ्यात अख्खा तमिळ शब्द, आणि चौथ्यात असं एखादं क्रियापद, जे सोलापुरात आता फक्त कीर्तनात ऐकू येतं. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांच्या पत्नी सगुणामामी. मुलं परदेशी, फोनवर इंग्रजी बोलणारी.

श्रीनिवासही जेवायला होते. आमटी होती, वांग्याचा भात होता, आणि उडदाच्या पिठाची डांगर पचडी. मी आमटीला चुकून सांबार म्हटलं. मामींनी पळी थांबवली. "सांबार शेजारी मिळेल. ही आमटी." चवीतला फरक मला कळला नाही, पण पळी पुढे सरकावी म्हणून मी तो कळल्यासारखी मान हलवली.

ताक वाढून झाल्यावर मामा सहज म्हणाले, "तर हा नाडा तुम्हीं विणतां. माझ्या पोटांत घालणार म्हणे."

मी श्रीनिवासांकडे पाहिलं. ते ताटाकडे पाहत होते.

"तुला सांगितलें नाहीं यांस?" मामा भाच्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मज फुगा अहे. मोठा अहे. हृदय अगोदरच बिघडलेलें, छातींत दमा. कापूं देत नाहीत कोणी. हा म्हणतो, बाईंची नळी डुकरांत चालली कीं मग मामांत."

"मामा, मी असं म्हटलं नाही," श्रीनिवास म्हणाले.

"क्रम हाच सांगितला. आधीं डुक्कर, मग मामा. मी राग धरला नाहीं."

मामी हसल्या नाहीत. सोलापूरला पाहुण्यासमोर आजाराचा विषय निघाला की यजमान तो झाकतात. इथे तो लोणच्यासारखा वाढला गेला होता. इतके दिवस मी एक चांगली नळी विणत होते. त्या ताटावर बसल्यावर ती कुणासाठी तरी विणलेली नळी झाली. मला ते आधी सांगायला हवं होतं, असं मी श्रीनिवासांना हात धुताना म्हटलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून घट्ट विणली असती." हे खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

शहराबाहेर

संस्था शहराच्या दक्षिणेला, ताडांच्या रांगेपलीकडे. नाव देत नाही, कारण तिथले लोक चांगले आहेत आणि संचालकांनाही मुलंबाळं आहेत. फाटकापाशी रंग चालला होता. चार दिवसांनी मंत्री येणार होते आणि 'स्वदेशी नळी'ची घोषणा व्हायची होती. निमंत्रणपत्रिका मी सोलापूरलाच वाचली होती. तिच्यात डुक्कर हा शब्द कुठेही नव्हता. 'वराह' होता, आणि वर एका कोपऱ्यात पृथ्वी दातांवर तोललेला विष्णूचा तिसरा अवतार होता. संशोधनात इतकं देवत्व आणलं की मग प्रश्न विचारणं पाखंड ठरतं, ही त्यातली सोय.

प्राण्यांचा विभाग डॉक्टर कमला पाहतात. त्या पशुवैद्य, भूल देणं आणि भुलीतून परत आणणं त्यांच्याकडे. वेणीत मोगरा, पायात गमबूट. त्यांनी मला गोठा दाखवला. फिकट गुलाबी, विलायती जातीची डुकरं सरकारी फार्मवरून आणलेली. त्यांच्या कानांत क्रमांकाचे बिल्ले. एक माझ्या चपलेचा वास घेऊन विचारात पडलं.

"डुक्कर का?" मी विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत.

"धमनी माणसासारखी, रक्त गोठतं माणसासारखं, खाणं माणसासारखं," कमला म्हणाल्या. "फक्त हा रोग त्याला होत नाही. म्हणून आधी आम्ही तो करतो." महाधमनीला चीर द्यायची, स्नायूवरच्या चिवट पडद्याचा तुकडा कापून तिथे ठिगळासारखा शिवायचा, ठिगळ फुगून पिशवी तयार होते. मग त्या पिशवीत माझी नळी. "आधी आजारी पाडतो, मग बरं करतो, मग मारून पाहतो की खरंच बरं झालं होतं का. घरी सांगताना मी मधलं एकच वाक्य सांगते."

त्या हे निर्ढावून बोलत नव्हत्या. प्रत्येक जनावराच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय त्या पुढे सरकत नव्हत्या. आणि तो हात मी पाहावा असंही त्यांना वाटत नव्हतं.

काही डुकरांत नळी होती. एकात पिशवी केली होती आणि नळी मुद्दामच घातली नव्हती. ते तुलनेसाठी, त्याचं चित्र अगदी शेवटी काढायचं होतं. नळीवाल्यांची तपासणी दर थोड्या दिवसांनी, म्हणजे दर वेळी उपास, भूल आणि टोचणं. ती हडकली होती. आतापर्यंतच्या चित्रांत मात्र त्यांच्या पिशव्या बंद दिसत होत्या. श्रीनिवासांच्या चालण्यात ते कळत होतं.

गिंडी

मधल्या दिवशी मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत गेले. माझ्या नळीच्या टोकांच्या स्प्रिंगा तिथे मुरुगेशन यांच्या वर्कशॉपमध्ये होतात. एरवी ते स्कूटरचे सुटे भाग करतात. रिक्षावाल्याने मला आधी एका बिस्किटांच्या कारखान्याशी उतरवलं, मग एका रंगाच्या, आणि दोन्ही ठिकाणी लोकांनी मला बसायला खुर्ची दिली. आपल्याकडे चुकलेल्याला रस्ता सांगतात, इथे आधी पाणी देतात. रस्ता त्यांनाही माहीत नव्हता.

मुरुगेशन पोलादाची बारीक तार खिळ्यांच्या साच्यावर नागमोडी वळवतात, दोन टोकं जोडतात, की मुकुटासारखं कडं तयार होतं. चिमटीत दाबलं की मिटतं, सोडलं की टचकन उघडतं. मी ते पुन्हा पुन्हा दाबत बसले. मुरुगेशननी विचारलं, "मॅडम, हे क्ष-किरणात दिसतं का?" मी म्हटलं, कापड दिसत नाही, हेच तेवढं दिसतं. ते खूश झाले. स्कूटरचा भाग कुणी फोटो काढून पाहत नाही, म्हणाले.

पुन्हा शहराबाहेर

समारंभाच्या आदल्या सकाळी संचालकांनी मला, श्रीनिवासांना आणि कमलांना बोलावलं. मंत्र्यांना दाखवायला एक वराह निवडून ठेवला होता. आंघोळ घातलेला, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, त्यातला खालचा भाग त्याने खाल्लेला. अंग कसं भरलेलं, कातडी चमकत होती. संचालकांनी कमलांना न विचारता थेट गोठ्यात निरोप पाठवला होता, "सगळ्यात उत्तम असेल ते पाठवा." गोठ्याने सगळ्यात उत्तम होतं ते पाठवलं. आदल्या दिवशी त्याच्या धमनीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रंही काढून घेतली होती, मोठी करून भिंतीला लावायला.

"पाहा," संचालकांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. "पिशवी शोधून दाखवा."

पिशवी नव्हती. महाधमनी सरळ, गुळगुळीत, जसं काही घडलंच नव्हतं. श्रीनिवास पुढे वाकले. त्यांचा चेहरा उजळला आणि मीही पेटीजवळ सरकले. पहिल्यांदाच मी माझं कापड आत काम करताना पाहत होते. पाहत कसली, कापड दिसत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी बोटांत खेळवलेलं ते नागमोडी कडं शोधू लागले.

"तार कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"स्प्रिंग. वर एक, खाली एक असायला हवी."

श्रीनिवासांनी डोकं आणखी जवळ नेलं. मग ते सरळ झाले आणि कमलांकडे वळले. कमला खोलीबाहेर गेल्या, वराहाचा कान उलटून पाहिला, आणि परत येऊन शांतपणे म्हणाल्या, "यात नळी नाही. हे तुलनेचं डुक्कर आहे."

संचालकांना हा घोटाळा हार बदलण्यापुरता वाटला. "मग नळीवालं एखादं धुऊन घ्या," ते म्हणाले.

पण श्रीनिवास खुर्चीत बसले होते. नळी न घातलेल्या डुकराची पिशवी आपोआप बंद झाली होती. ठिगळात रक्त गोठलं, तरण्या जनावराने ते जिरवलं, वर नवी भिंत धरली. मग बाकीच्यांच्या पिशव्या नळीने बंद झाल्या, की त्याही अशाच आपोआप? वर्षभराच्या चित्रांना आता काहीच अर्थ नव्हता. आम्ही बरा होणारा रोग तयार केला होता आणि तो बरा झाल्याचं श्रेय घ्यायला मंत्री बोलावले होते.

"माणसाचा फुगा असा जिरतो का?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं.

"कधीच नाही," श्रीनिवास म्हणाले.

मांबळम, संध्याकाळ

मामा आयुष्यभर मद्रासजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार भाग नापास करणं ही त्यांची नोकरी. त्यांना सांगणं त्यामुळे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. श्रीनिवासांनी सगळं सांगितलं. मामांनी मध्ये एकदा विचारलं, "डुक्कर हार घालून होतें?" मग बराच वेळ हसले. मामी आतून येऊन दारात उभ्या राहिल्या.

"तर आतां काय?" मामा म्हणाले.

"पुन्हा सुरुवात. या वेळी तरणी डुकरं नाहीत, फार्मवरच्या वय झालेल्या माद्या. त्यांची धमनी माणसाच्या जवळपास असते. आणि ठिगळ वेगळं, आतड्याच्या भिंतीचं, आतला पदर खरवडून. ते जिरत नाही, फुगत जातं. एकीत नळी, एकीत नाही."

"किती काळ?"

"काही महिने."

"मज नाहींत तेवढे कदाचित्." त्यांनी पाय खाली घेतले. "ऐका. डुकराचा फुगा स्वतः बरा होतो, म्हणून नळीची परीक्षा होत नाहीं. माझा होत नाहीं. मग मोठें जनावर मीच. मज घाला. मी बरा झालों तर नळीनेंच झालों, हें तर नक्की."

श्रीनिवासांची नजर माझ्या बॅगेकडे गेली. तेवढ्यावरून त्यांचं मन कुठे झुकलंय ते दिसत होतं. नळ्या माझ्या बॅगेत होत्या, माणसाच्या मापाची एक त्यांत होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"मामा," मी म्हटलं, "आवडीला एखादा भाग कधीच तपासला गेला नाही, आणि गाडी तर उद्या सीमेवर जायची आहे, तर तुम्ही काय करत होता?"

"तो प्रश्न वेगळा. गाडी माझी नव्हती. हें पोट माझें."

"पण नळी माझी आहे. आणि तुम्ही गेलात, तर ती सुटली म्हणून गेलात, फाटली म्हणून गेलात, की हृदय थांबलं म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. पुढच्या माणसाला मी काय सांगू? मी देणार नाही."

"मी मागतों अहे."

"तरी नाही."

मग मामी दारातून म्हणाल्या, "आणि तेवढ्यांत यांस कांहीं झालें तर?"

"तर माझ्यावर राग धरा."

"धरीन," मामी म्हणाल्या. "सांगून ठेवतें."

मामांनी भाच्याकडे पाहिलं. "नापास करते बाई," ते तमिळमध्ये म्हणाले, इतपत तमिळ मला एव्हाना कळत होतं. "बरें. मग उद्यांचा तमाशा आटप आणि परवां कामास लाग. मंत्री गेला कीं लगेच. मी थांबतों, पण तुम्हीं नाहीं थांबायचें."

समारंभ

समई लावली गेली. शाली दिल्या गेल्या. नळीवाली डुकरं हडकलेली, दाखवण्यासारखी नव्हती, म्हणून वराह कालचाच होता. माझ्या शालीचं विणकाम इतकं वाईट होतं की ते पाहण्यात माझी दोन भाषणं निघून गेली. संचालक वराहावतारापासून सुरू झाले आणि आम्हा पामरांपर्यंत उतरले. मग श्रीनिवास उठले. त्यांनी इंग्रजीत अगदी थोडक्यात सांगितलं की समोर हार घालून उभ्या असलेल्या जनावरात नळी नाही, आधीचे निष्कर्ष आम्ही मागे घेत आहोत आणि काम नव्याने सुरू करत आहोत.

संचालकांनी त्याचं तमिळमध्ये भाषांतर केलं. टाळ्या झाल्या. मी कमलांना विचारलं, टाळ्या कशाला?

"ते म्हणाले, संशोधन योग्य दिशेने चाललंय."

मंत्री म्हातारे, धोतर-अंगवस्त्रातले. निघताना ते वराहापाशी थांबले आणि श्रीनिवासांना त्यांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं. श्रीनिवास पहिल्यांदा हसले. "याच्यात काही नाही, तर मग हार का?" असं त्यांनी विचारलं होतं. त्या सबंध सकाळचा तोच एक शास्त्रीय प्रश्न.

परतीचं तिकीट मी रद्द केलं. पुढचे दिवस वर्णनाला चांगले नाहीत, पण मला तेच जास्त आठवतात. माद्या आल्या, एकेक लहान टेबलाएवढी. शस्त्रक्रियेचं टेबल त्यांच्या वजनाखाली वाकलं, तेव्हा मुरुगेशननी स्कूटरचं काम बाजूला सारून लोखंडी घडवंची जोडून दिली. रंग ओला असल्याने पहिल्या मादीच्या पाठीवर हिरवे पट्टे उठले. मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून नळ्या कापत होते, टोकांना कडी शिवत होते. श्रीनिवास ठिगळं शिवत होते. दोघांत बोलणं फक्त मिलिमीटरचं. दोन माद्यांत सारखीच पिशवी झाली, एकीत नळी गेली, दुसरीत नाही. कोणतीत घालायची यासाठी कमलांनी नाणं उडवलं, कारण दोन्ही त्यांच्या आवडत्या होत्या.

रोज संध्याकाळी मामा विचारत, "झालें?" आणि मी जे झालं ते सांगत असे. मामी मला वाढत असत, पण माझ्याशी बोलत नसत.

सोलापूर

परत आल्यावर मी वाट पाहू लागले. वाट कसली पाहत होते ते उघड बोलण्यासारखं नव्हतं. नळी नसलेली मादी नुसती जगली, तर आमच्या रोगात पुन्हा दम नाही असा अर्थ होता. तिचा फुगा वाढायला हवा होता. दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला.

"फुगा फुटला," श्रीनिवास म्हणाले. "आज पहाटे. नळी नसलेलीचा."

"आणि दुसरी?"

"सकाळचं खाऊन झोपली आहे. काल चित्रं काढली. पिशवी तिचीही तेवढीच वाढली होती, नळी बसल्यावर थांबली. दोन्ही कडी जागेवर आहेत. कमला सकाळपासून कुणाशी बोलत नाहीत." ते थांबले. "आणखी जोड्या करायला हव्यात. पण पहिली आपल्या बाजूने गेली."

"मामा कसे आहेत?"

फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज झाला. श्रीनिवास मांबळमहूनच बोलत होते.

"आहें," मामा म्हणाले. "डुकरीण गेली म्हणून आज घरांत पायस केलें अहे. सगुणेस लाज वाटते. देवापुढें ठेवूं कीं नको, म्हणून दारांत उभी अहे. पण केलें."

मागून मामींचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी माझ्यासाठी: "तिला म्हणा, कामास लाग."

मी मागावर नवा ताणा चढवला. पुढच्या जोडीतल्या मादीसाठी एक नळी आणि मामांसाठी एक, दोन्ही एकाच मापाच्या, एकामागून एक विणायच्या.